तिचा दमा आणि माझी पुस्तकं

माझ्या बायकोला दमा होता. तो माझ्या पुस्तकांनी दिला, असं मी ती गेल्यापासून मनाशी धरून बसलो होतो. लग्नाआधी तिला कधी धाप लागली नव्हती. मग ती आमच्या दोन खोल्यांत आली, आणि त्या खोल्यांच्या तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या. ती रोज ओल्या फडक्याने पुस्तकं पुसायची आणि पुसता पुसता शिंकायची. मी वाचत असायचो.

ती असताना आम्ही दवाखान्यात एका अभ्यासासाठी नाव दिलं होतं. ॲलर्जीचे आजार ठरावीक घराण्यांतच का दिसतात, त्यात रक्ताचा वाटा किती आणि घराचा किती, हे शोधणारा अभ्यास. त्यासाठी रुग्णाच्या अंथरुणातली धूळ तपासायची होती. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा त्यांचा फोन आला. फोनवरच्या संशोधक मुलीला बायको गेल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ती म्हणाली, आता राहू दे. मी म्हटलं, या. मला उत्तर हवं होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, हातकणंगल्याजवळच्या गावाहून येऊन राहिली होती. पाहुणी येणार एवढंच मी तिला सांगितलं. कशासाठी ते सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी सकाळी मी मृत्यूच्या दाखल्यासाठी महापालिकेत गेलो. परत येईपर्यंत आक्काने घर धुऊन काढलं होतं. गादी गच्चीवर उन्हात, चादरी दोरीवर, आणि फरशीला फिनेलचा वास.

संशोधक मुलगी आली ती हातात लहानसा व्हॅक्यूम घेऊन. घराकडे बघून ती दारातच थबकली. मी आक्काला सगळं समजावून सांगितलं.

“धूळ न्यायला पावणी येती व्हय कुठं?” आक्का माझ्यावरच उखडली. “आदी सांगायचं न्हाईस?”

मुलगी हसली. मग आक्कालाही हसू आलं.

एक गोष्ट मात्र आक्काच्या हाती लागली नव्हती. बायकोची पांघरायची वाकळ मी कपाटात सर्वांत खाली, शब्दकोशांच्या मागे ठेवली होती. ती काढून दिली. मुलीने ती दोन्ही हातांनी घेतली, टेबलावर पसरली आणि घड्याळ लावून तिच्यावरून नळी फिरवली. नळीतल्या जाळीवर करडा थर जमला. तो डबीत भरून तिने वर फक्त क्रमांक लिहिला.

तेव्हा मी विचारलं, पुस्तकांमुळे झालं का?

एका घराच्या धुळीवरून ते सांगता येणार नाही, असं ती म्हणाली. धुळीतले बारीक किडे पुस्तकांपेक्षा अंथरुणात जास्त असतात, आणि तेही सगळ्यांना बाधत नाहीत. काही शरीरं मुळातच साध्यासुध्या गोष्टींना शत्रू समजतात. या प्रवृत्तीला ॲटोपी म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा जन्माबरोबर येते. एवढं सांगून तिने प्रश्नांचा तक्ता पुढे घेतला. रुग्णाला लहानपणी इसब होतं का?

मी खात्रीने नाही म्हणालो. तिने खूण केली.

“हुतं की,” आक्का म्हणाली. “कोपराच्या आतल्या अंगाला. रगात येस्तवर खाजवायची म्हणं. आपण बघाय गेलतो तवा लांब बाह्यांचं पोलकं घातलंतं बघ. तिच्या आईनं बजावलंतं, हात दावू नगंस.”

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

“तिनंच. पार सुरवातीला. तुला सांगू नका म्हणाली.”

मुलीने खूण खोडून दुसरीकडे केली. पुष्कळांच्या बाबतीत हे आधी कातडीवर दिसतं, मग नाकात आणि मग छातीत उतरतं, असं ती सावकाश म्हणाली. “पुस्तकांचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही, सर. पण सुरुवात त्यांच्यापासून झाली नव्हती.”

खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. एवढ्या वर्षांत मी बायकोला तिच्या लहानपणाबद्दल काय काय विचारलं होतं, ते आठवू लागलो, आणि थोड्याच वेळात आठवणं संपलं.

पुढचा प्रश्न होता, इसब कितव्या वर्षी गेलं. आक्काला ठाऊक नव्हतं. मुलगी पेन धरून माझ्याकडे बघत थांबली. मी तिच्याकडून पेन घेतलं आणि ‘माहीत नाही’च्या रकान्यात खूण केली.