उलटा तक्ता

सरकारी दवाखान्यात डोळे तपासणारा तो माणूस मला दुष्काळाच्या सालांत लई वेळा भेटला, पण नाव मी कधी विचारलं नाय. त्याच्या तक्त्यावर दंताळ्यासारखी चिन्हं होती. आम्हा अडाणी मेंढपाळांनी दात कुणीकडं ते सांगायचं. कान खाजवत तो दर माणसाला म्हणायचा, "दिसत नसंल तर नाय म्हणा. नाय भी जवाब है."

मोतीबिंदू काढल्यावर माझा डोळा ठणकायला लागला. पण गावी करमाडला बायको आजारी होती, अन् मला ठेवून घेतील ही धास्ती. म्हणून पुढच्यांचे जवाब ऐकून मी पाठ केले अन् धडाधड म्हणालो, "वर, उजवीकडं, खाली, खाली."

त्यानं तक्ता काढून उलटा टांगला. "आता?"

मी पुन्हा तेच म्हणालो.

"चाचा, मेंढरंबी अशीच न बघता मोजता का?" तो हसला.

"घरी म्हातारी एकटी पडलीया, जाऊ दे मला!"

तो हसायचा थांबला अन् डॉक्टरांना घेऊन आला. डोळ्यात पू धरला होता. मला ठेवूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या स्कूटरवर करमाडला जाऊन आला. "चाची भाकर खात होत्या. म्हणाल्या, डोळा बरा करूनच या."

डोळा वाचला. त्या डोळ्यानं मी तिला आणखी एक उन्हाळा बघितलं.

परवा तपासणीला गेलो. त्यानं विचारलं, "चाची बऱ्या हायेत ना?"

"नाय," मी म्हणालो.

त्यानं हातातली छडी ठेवली अन् माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला.