पंप बंद ठेवून घेतलेला नमुना

"आमच्या पोरीनं सोता तपासलं ना! पानी एकदम पास आहे, बिनधास्त प्या," बाबा भिंतीपलीकडच्या काकूंना सांगत होते.

"मंग आमच्या ह्यायचे डोळे पिवळे कावून होऊन राहिले, भाऊ? कोपऱ्यावरच्या घरातबी तेच."

"चौकातले गुपचूप कमी खा म्हणा त्यायले," पाणीपुरीवर खापर फोडून बाबा हसले.

मी दारात बादली घेऊन उभी होते. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून बाबा माझ्याबद्दल असं मोठ्यानं बोलतात. घराबाहेर इथे सगळे हिंदी बोलतात, मी स्वतः त्यातसुद्धा मोजकंच बोलते.

नमुना मीच घेतला होता. नियमाप्रमाणे नळातून पाणी ओढणारा आमचा टुल्लू पंप काढायला लावला, नळाचं तोंड ज्योतीनं शेकलं, थोडं पाणी वाहू दिलं, मग बाटली भरली. जिवाणू सापडले नाहीत. पण अशी घरोघरी पाण्यातून पसरणारी कावीळ विषाणूंची, आणि ते त्या तपासणीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी खूप पाणी खास गाळणीतून काढावं लागतं. ती सोय आमच्याकडे नाही. नमुना बाहेर पाठवलाय, उत्तर अजून आलेलं नाही.

आणि आता गल्लीतले सगळे टुल्लू एकदम घरघरत होते. आमचा पाइप नालीतून येतो. इतक्या जोरानं ओढलं, की जुन्या जोडांमधून नालीचं पाणीही आत येत असणार. मी तपासलं होतं ते गल्लीत कुणीच पीत नाही असं पाणी.

वहिनीला सातवा महिना होता. ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते, हे मी कॉलेजात इंग्रजीत शिकले होते. घरच्या मराठीत ते कसं सांगायचं, कळत नव्हतं. आई रोज नव्या बाळंतविड्याचं काहीतरी शिवत होती. मी दोन वेळा तोंड उघडलं आणि बादली सरकवली.

आमच्याकडे नळ आला, की पहिला गिलास तिथेच, ताजं पाणी म्हणून पितात. वहिनी बाहेर आली आणि तिनं पाइपखाली गिलास धरला.

"पी, पी, ताजं आहे," बाबा म्हणाले.

गिलास तिच्या ओठांशी गेला तेव्हा माझा आवाज काकूंच्या अंगणापर्यंत ऐकू गेला असेल.

"वहिनी, पिऊ नको! बाबा, काविळीसाठी हे पानी मी तपासलंच नाही. काकूले सांगा, सगळ्यायले सांगा, उकळल्याबिगर कोणी पिऊ नका."