दहापैकी किती

पदवीचे निकाल लागले की आमच्या कॉलनीतले दोन-तीन जण तरी मला गाठतात. कोणाच्या मुलाला, कोणाच्या मुलीला मॅनेजमेंटला प्रवेश मिळालेला असतो. माझी मुलगी त्या वाटेनं आधी गेली, म्हणून मला विचारतात. तिथं नेमकं असतं काय?

जे माहीत आहे ते मी सांगतो. लॅपटॉप लागतो, पण पहिल्याच दिवशी नाही. फॉर्मल कपड्यांचे दोन जोड पुरतात, कारण प्रेझेंटेशन रोज नसतं. शिकवणं आपल्या कॉलेजसारखं नसतं. एखाद्या कंपनीची हकिगत आधी वाचून जायची आणि वर्गात सर विचारतात, तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? उत्तर बरोबर की चूक, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. वर्गात बोलण्याला मार्क असतात. आपल्याकडच्या मुलांना विचारल्याशिवाय बोलायची सवय नसते, ती लावून पाठवा. इंग्रजीचा सुरुवातीला त्रास होतो, नंतर होत नाही.

माणसं मान डोलावतात आणि जातात. गटाची गोष्ट मी त्यांना सांगत नाही.

मी जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. उगवणशक्ती तपासतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत मोजून बी ठेवायचं, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि किती उगवलं, किती वाकडं उगवलं, किती कुजलं ते मोजून लिहायचं. कधी कोणी म्हणतं, साहेब, दोन-चार इकडं तिकडं करा, माल अडून राहिलाय. मी करत नाही. यात मोठेपणा नाही. मोजणीत एकदा हात घातला की मोजायला तरी कशाला बसायचं, एवढाच माझा विचार असतो. घरातही मी असाच आहे. बायको म्हणते, तुम्ही भाजीला मीठ कमी आहे म्हणत नाही, किती कमी आहे ते सांगता.

मुलीला पुण्याकडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथं होस्टेलच्या खोलीत तिच्यासोबत जी मुलगी आली, ती निघाली आमच्याच जिल्ह्यातली, भोकरदनच्या पलीकडच्या एका खेड्यातली. मग सुट्टीत येता-जाता ती आमच्या घरी थांबायला लागली. गावाहून येताना पिशवीभर हिरव्या मिरच्या आणायची आणि सरळ स्वयंपाकघरात जायची.

"काकू, ह्या घ्या. पुण्याच्या मिरचीत दमच न्हाई. तिकडं ठेचा केला तर चटणी लागून राह्यली गोड."

तिच्यामुळे आमच्या घरात हसणं वाढलं. माझी मुलगी मितभाषी, माझ्यावर गेलेली. ही मात्र बसल्या बसल्या अख्खा वर्ग समोर उभा करायची. एकदा जेवताना सांगत होती, "सरांनी मला उभं केलं काका. म्हणले, तुम्ही ह्या कंपनीच्या मालक आसता तर पहिलं काय केलं आसतं? म्या म्हणलं, सर, आधी दादाला विचारलं आसतं."

बायकोला हसता हसता ठसका लागला. मुलगी म्हणाली, "आई, अख्खा वर्ग हसत होता. सरसुद्धा."

"मंग? खरंच सांगितलं ना म्या. तिथं जायाचं तर दादालाच विचारून गेलेय." आणि त्याच हसऱ्या आवाजात पुढं म्हणाली, "दादानं अट घातलीय काकू. येकाबी विषयात अडकली तर बॅग उचलायची आन् घरी यायचं. स्थळं थांबत न्हाईत म्हणतो."

"अडकशील कशाला तू?" बायको म्हणाली आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. हुशार होती ती. अडकेल असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही.

तिथं प्रत्येक विषयात गटानं करायचं काम असतं. गट आपण निवडायचा नसतो, सर पाडून देतात. कामाच्या शेवटी गटातल्या प्रत्येकानं प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे. स्वतःलासुद्धा. मोबाईलवरच भरायचं, नावापुढं आकडा, आकड्यापुढं कारण. या आकड्यांची सरासरी चारच्या खाली गेली तर त्या मुलाचं ते काम धरलंच जात नाही, म्हणजे तो विषय अडकतो.

पहिल्या सत्रात माझ्या मुलीनं गटाचं निम्मं काम एकटीनं केलं आणि मार्क द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना दहा दिले, स्वतःला पाच. आपल्याकडे दुसरं काय करणार? जेवायला बसलं तर आधी दुसऱ्याला वाढायचं, फोटो काढताना मागं उभं राहायचं, कोणी चांगलं म्हटलं तर छे छे म्हणायचं. स्वतःच्या नावापुढं स्वतःच्या हातानं दहा लिहायचे, ही तिला बेशरमी वाटली. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनी स्वतःला बिनधास्त दहा लावले. गटात सगळ्यात कमी मार्क हिला पडले.

फोनवर रडली. मी म्हटलं, "आकड्याची लाज बाळगायची नाही. कमी असो की जास्त, आहे तो लिहायचा. संकोचानं लिहिलेला आकडा खोटाच असतो."

त्या दिवशी फोन स्पीकरवर होता आणि मैत्रीण शेजारीच बसली होती. ती मागून ओरडली, "बराबर हाय काका! म्या हिला हेच सांगून राह्यले."

दुसऱ्या सत्रात त्या दोघी एका गटात आल्या. दोघींना आनंद झाला. आणि त्याच सुमारास गावाकडं मैत्रिणीची आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात बाईमाणूस नाही. ही शुक्रवारी संध्याकाळी निघायची आणि सोमवारी परत पोचायची. गटाचं काम शनिवार-रविवारीच व्हायचं. हिचं काम मागं पडत गेलं, मग जवळजवळ थांबलंच.

हे सगळं तिनं गटात फक्त माझ्या मुलीला सांगितलं होतं, तेही कॉलेजात कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घालून. बाकीच्यांना कळलं तर बिचारी म्हणतील, मला बिचारी व्हायचं न्हाई, असं म्हणाली होती.

रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, तिला किती देऊ?"

"काम किती झालंय तिच्याकडून?"

"तीन. खेचून चार म्हणता येईल."

"खेचून का म्हणायचं?"

मग म्हणाली, "बाबा, तिचं घरचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर कारणाचा रकाना दिलाय. आकडा कामाचा लिही, आणि कारणात तिच्या आईचं लिही. सर समजून घेतील."

"तिनं शपथ घातलीये."

मी विचार केला. इथं मी नुसतं बोललो नाही, गणितही केलं. मुलीचे तीन. बाकी तिघं पहिल्या सत्रासारखे आठ-आठ देतील. तिचे स्वतःचे ती पाच तरी लावेल. सरासरी सहाच्या वर जाते. धोका काहीच नाही. मी ते मुलीला फोनवर करून दाखवलं. म्हटलं, "तिची शपथही मोडू नको आणि आकडाही बदलू नको. कारणाचा रकाना रिकामा ठेव. तिला काही होत नाही."

"नक्की ना बाबा?"

"हिशोब तुझ्यासमोर आहे."

मुलीनं तीन लिहिले.

मला माहीत नव्हतं, आणि मुलीच्याही डोक्यात आलं नाही, की पहिल्या सत्रानंतर सरांनी सगळ्या वर्गाला झापलं होतं. सगळेच एकमेकांना दहा देणार असाल तर मला काय कळणार, या वेळी खरं लिहा, असं म्हणाले होते. मुलांनी ऐकलं. त्या तिघांनीही खरं लिहिलं. त्यांना आई, खुबा, शुक्रवारची गाडी यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना रिकामी खुर्ची दिसत होती, तेवढीच त्यांनी मोजली.

सरांनी तिला बोलावून विचारलं, घरी काही अडचण आहे का? ती नाही म्हणाली.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी कामावर निघायच्या तयारीत होतो. पुण्याच्या गाडीतून उतरली होती. दोन मोठ्या बॅगा, एक गादीची गुंडाळी, एक बादली. बादली बघितल्यावर मला कळलं. सुट्टीला येणारं कोणी बादली आणत नाही.

बायकोनं विचारलं, "अगं, एवढं सामान?"

"दादाची अट, काकू." तिनं चपला काढल्या, नळावर पाय धुतले, आत येऊन बसली. "पुढल्या वर्षी परत बसता येतंय, सर म्हणले. पण दादा म्हणला, बास. आईलाबी कोणीतरी पायजेच हाय."

बायको तिच्याजवळ बसली. म्हणाली, "मेली ती पोरं. दोन आकडे वाढवून दिले असते तर काय झालं असतं त्यांचं?"

"पोरांचं काय चुकलं काकू? म्या काम केलंच न्हाई. म्या स्वतःलाबी तीनच दिले."

"स्वतःला तरी द्यायचे गं!"

"काका म्हणत्यात ना, आकड्याची लाज बाळगायची न्हाई म्हणून." तिनं माझ्याकडं बघितलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग तिनं चहाचा कप उचलला आणि म्हणाली, "सरांनी आकडे दाखवले मला. नावं झाकून. येक चार होता, बाकी सगळे तीन. चारवाला तुमच्या पोरीचाच आसल काका. मैत्रीण हाय ना. तेवढं येक तिनं वाढवून दिलं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला फोनवरचं सगळं ठाऊक होतं.

आयुष्यात एवढा सोपा आकडा माझ्यासमोर कधी आला नव्हता. तो दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. मी म्हटलं, "असेल." ती खरंच तसं समजत होती, की माझ्यासाठी तसं म्हणाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिला भोकरदनच्या गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं. बॅगा मी चढवल्या, बादली तिनं मांडीवर घेतली. खिडकीतून म्हणाली, "काका, तिला म्हणा, माझं कपाट आता तूच वापर. आन् माझ्यापायी रडू नको म्हणा. तिचं तोंड रडल्यावर लै वाईट दिसतं." आणि हसली. गाडी निघाल्यावर मी हात हलवला. ती पुढं बघत होती.

मुलीनं त्याच दिवशी फोन करून विचारलं, "ती घरी आली होती का? काही म्हणाली?"

मी जसं झालं तसं सांगितलं, चारचंसुद्धा. मग तिनं विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"असेल, म्हटलं."

तिनं फोन ठेवला.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. पाचही आकडे खरे होते. माझा हिशोब चुकला तो मी बाकीच्यांचे आकडे खोटे धरले होते म्हणून. खरं लिहा म्हणणारा मी, आणि माझी सगळी बेरीज उभी होती ती बाकीचे खोटं लिहितील या भरवशावर. मुलीला तीन लिही म्हणालो, यात मला अजूनही काही गैर सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. एक पोरगी हुशार होती, शिकत होती, ती आता गावाकडं आहे, आणि त्याचं खापर फोडायला कोणाचं डोकं सापडत नाही. बायको म्हणते, तुम्ही अजून मोजताय. खरं आहे.

मुलगी शिकते आहे. चांगली शिकते आहे. फोन येतो, जेवलात का, आईचे गुडघे कसे आहेत, एवढं बोलणं होतं. गटाचं काम तिला आताही असतं, मार्क द्यावेच लागतात. पण किती देऊ, असं ती मला विचारत नाही.

मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मी भोकरदनला जाऊन येते." बायकोनं घाईघाईनं लाडू बांधून दिले, तिच्या आईसाठी एक साडी दिली. मी म्हटलं, "स्टँडवर सोडू का?" ती म्हणाली, "नको, जाईन मी."

दुपारच्या आत परत आली. लाडवांचा डबा तसाच होता, साडीची घडी तशीच होती. उन्हानं चेहरा लाल झाला होता, बराच वेळ कुठंतरी बसून राहिल्यासारखा.

"काय झालं गं?" बायकोनं विचारलं.

"बस चुकली," मुलगी म्हणाली.

जालन्याहून भोकरदनला एक बस चुकली तर थोड्या वेळानं दुसरी असते. मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "असू दे. या सुट्टीत गर्दी फार असते."