सणसरची जैबूनमामी आणि तिचं लिंबाचं रान

"बाईसाहेब, तुमच्या अल्जेब्राचं नाव अरबी आहे, हे तरी ठाऊक आहे का?" असं आमच्या शाळेतल्या रेहानाने स्टाफरूममध्ये विचारलं आणि मी पार ओशाळले. मी आयुष्यभर गणित शिकवत आले. वर तिने हक्क, कायदा, वकील, तारीख असे आपले रोजचे शब्द बोटांवर मोजून दाखवले. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द आता आपल्याला परके वाटतसुद्धा नाहीत. दर ईदला मी तिच्याकडचा शीरखुर्मा दोन वाट्या हाणते, पण तिच्या धर्माबद्दल विचारलं तर माझी पाटी कोरी. मग ठरलं, दोन दिवस तिच्या मामाच्या गावी जायचं, जुन्या मशिदी बघायच्या, मनात येईल ते विचारायचं आणि इथे लिहायचं. लेखाचं नावसुद्धा मी निघण्याआधीच ठरवून टाकलं होतं, 'कमानींच्या गावात'. ते नाव बदलावं लागलं.

शनिवारी सकाळी लवकर हडपसर सोडलं. सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत डोळे मिटून जावं असा रस्ता आहे, तिथून उजवीकडे बारामती. हंगामात गेलात तर उसाच्या जोडट्रॉल्यांना ओव्हरटेक करायची घाई करू नका, मागचं शेपूट कुठे जाईल त्याचा नेम नसतो. बारामतीच्या जुन्या पेठेतल्या एका बेकरीत गरम नानकटाई मिळाली. ती दुकानासमोर उभं राहूनच खावी, गाडीत नेली की निम्मी सीटवर सांडते.

तिथल्या मशिदीत दोन नमाजांच्या मधल्या वेळेत आम्हाला अंगणापर्यंत जाऊ दिलं. हौद, गार फरशी आणि कमानीवर कोरलेली अक्षरं. मी मान वर करून बघत बसले. तिथल्या एका आबांनी हसून सांगितलं, "हितं मूर्ती न्हाय, फोटू न्हाय. अल्ला एकच, त्याला रूप न्हाय. मग कारागिरांनी अक्षरंच सजवली बगा." एवढं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

बारामतीपुढचं पिंपळी गाव मागे पडेपर्यंत रेहानाने पाच फर्ज, म्हणजे पाच कर्तव्यं, सांगून संपवले. एकाच ईश्वराची साक्ष, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, गरिबांसाठी काढायची जकात आणि ऐपत असेल तर हज. मी आपली परीक्षेला बसल्यासारखी पाठ करत होते.

सणसरला हमीदमामू दारातच उभे होते. हृदयाचं दुखणं जुनं, पण जीभ तेज. जैबूनमामीने बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा वाढला. हा रस्सा हॉटेलात शोधू नका, मिळणार नाही. जेवण झाल्यावर मामूंनी आम्हाला घरामागचं लिंबाचं रान दाखवलं.

"हे हिचं रान," मामीकडे बोट करून ते म्हणाले. "निकाहात मेहर म्हणून दिलंय."

मेहर म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरवलेलं काहीतरी. पैसे, दागिना, जमीन, काहीही. ते फक्त तिचं असतं, त्यावर ना बापाचा हक्क ना नवऱ्याचा, असं रेहानाने समजावलं.

"मग सातबारा माझ्या नावावर का न्हाय?" मामीने मागून विचारलं.

"आपलंच हाय की समदं!" मामू मोठ्याने हसले. मीही हसले.

मुलगा सलीम मात्र हसला नाही. तो लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला आहे. "अब्बा, त्या लिंबांत काय ऱ्हायलंय? गिऱ्हाईक आलंय, इकून टाकू. गाळा घेतो तिकडं," तो म्हणाला. मामू माझ्यासाठी लिंबं तोडायला वळले. मामी ताटं उचलून आत गेली, आणि मीही लिंबाच्या सरबताचा फोटो काढण्यात गुंतले.

रविवारी पहाटेची नमाज पढून मामू अंगणातल्या खुर्चीत बसले होते. मामी चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते.

मी हादरून गेले. आदल्या दिवशी मला लिंबं तोडून देणारा माणूस असा खुर्चीत बसल्या बसल्या जातो? त्यात तिथली घाई बघून मला काही सुधरेना. लांबच्या कुणाची वाट बघणं नाही. कबर खोदायला माणसं गेली, पुरुषांनी मयताला आंघोळ घातली आणि साधं, शिवण नसलेलं पांढरं कापड गुंडाळलं. श्रीमंताला हेच आणि गरिबालाही हेच, असं रेहाना रडता रडता मला सांगत होती. दुपारच्या नमाजीच्या आत सगळं तयार झालं.

जनाजा उचलायच्या आधी मामूंची म्हातारी चुलती पुढे आली. ती मामीला धरून मयतापाशी घेऊन गेली. "जैबून, मेहर माफ केली म्हण बये. त्याची वाट सोपी कर."

रेहाना माझ्या कानात कुजबुजली, "इथली रीत आहे. बायको माफ केली म्हणते आणि मग उचलतात."

मामीने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. "न्हाय," ती म्हणाली.

रडणं थांबलं. अक्षरशः सगळ्या घरातलं रडणं एकदम थांबलं.

"माफ न्हाय करत. लिंबाचं रान माझी मेहर हाय. जित्तेपणी मागितलं तर हसण्यावारी नेलं. आता ह्यो पोरगा इकाय निघालाय. मी कुणाच्या दारात बसू?"

खरं सांगते, मला तिचा रागच आला. नवऱ्याचं मयत समोर आणि ही बाई जमिनीचं बोलते! सलीमही दारातून तेच ओरडला, "आई, अब्बा हितं असं पडल्यात, आन तू रानाचं काढतीस?"

"आत्ताच काढणार. मातीत गेल्यावर मला कोण इचारतंय?"

माझा राग तिथल्या तिथे विरला. पण आता मौलाना तिला झापणार, याची मला खात्री होती. जनाजाची नमाज पढवायला आलेले ते बायकांच्या पडद्याबाहेर उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "माफ करा म्हणायची ही आपली रीत हाय, शरीयत न्हाय. मेहर म्हंजी नवऱ्यावरचं कर्ज. पयलं कर्ज फेडायचं, मग वारसांची वाटणी. भाभी बरोबर बोलत्यात. हे कर्ज कुणीतरी अंगावर घ्या, मंग जनाजा उचलू."

मी थक्क झाले. जो धर्म बायकांना गप्प बसवतो असं मी ऐकत आले होते, तो भर अंगणात, मयतासमोर, एका बाईच्या बाजूने उभा होता. गप्प बसवायला रीत पुढे आली होती, आणि ती तर आपल्याकडेही पोत्याने आहे.

शेजारच्या रानातले बापूतात्या कपाळाचा बुक्का पुसत पुढे आले. "सलीम, तुझ्या बापाच्या निकाहाला मी हुतो. ह्याच अंगणात बोलल्यालं हाय ते. माझ्या कानांनी ऐकलंय."

सलीम खाली बसला. तो बापाकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, बोल. शेवटी तो म्हणाला, "लिंबाचं रान आईचं. माझ्या अंगावर घेतलं. तलाठ्याकडं मी सोता जातो."

"समद्यांनी ऐकलं?" मौलानांनी विचारलं.

"ऐकलं," अंगण म्हणालं.

मग मामी वाकली, कापडाचा कोपरा नीट केला आणि म्हणाली, "जावा आता. तुमच्याकडं माझं काय बी ऱ्हायलं न्हाय." आणि तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला.

परतताना इंदापूरवरून सोलापूर हायवे धरला. इंदापूरचा जुना दर्गा बघायचं ठरलं होतं, ते राहिलं. भिगवणची मासळी प्रसिद्ध आहे, जाणाऱ्यांनी जरूर थांबा. आम्ही थांबलो नाही.

दोनेक महिन्यांनी रेहाना शाळेत एक जड पिशवी घेऊन आली. आत लिंबं. मामी इद्दतीत होती, म्हणजे नवरा गेल्यावर विधवेने घरात राहायच्या काळात, पण निरोप तिचाच होता, "माझ्या रानातली हायत म्हणावं." सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं होतं. सलीम अजून तिच्याशी नीट बोलत नाही, पण लिंबांना पाणी तोच देतो.

लोणचं घालायला घेतलं आणि मिठाचं प्रमाण विचारायला आईला फोन लावला. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "आई, बाबांकडून तुझं काही यायचं राहिलंय का गं?"

पलीकडे आईने टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, "पाटल्या. तुझ्या कॉलेजच्या वेळी मोडल्या होत्या. करून देतो म्हणाले होते."

बाबांना जाऊन किती वर्षं झाली. "माफ केलंस?" मी विचारलं.

"कधीच केलं," आई म्हणाली. "पण विचारलं नव्हतं कुणी."