मोकळे सोडलेले सात पाय

दहा मार्च, सकाळी आठ. उबवणी यंत्रात तीनशे गावरान अंडी, बारा रुपये दराने तीन हजार सहाशे रुपयांची. हजर मी, पत्नी संगीता आणि कुंदाताई.

कुंदाताई कोपरगावला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. सर्किट समोर आलं की आधी त्यावरून बोट फिरवायच्या, न टेकवता. लोकांना वाटे, बाई मंत्र घालतात.

उबवणीची अंडी ठरावीक वेळाने कलती करावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. तास मोजून ट्रे हलवणारं सर्किट मी स्वतः नकाशा बघून जोडलं होतं. पण शेजारची पाण्याची मोटर सुरू झाली की मोजणी शून्यावर यायची आणि ट्रे हलायचाच नाही. तो पाचवा दिवस. दोन दिवस आम्ही दोघं हातानेच ट्रे कलते करत होतो.

ताईंचं बोट एका चिपच्या धातूच्या पायाजवळ गेलं आणि मोजणीचा दिवा विझला; मोजणी पुन्हा शून्यावर.

"हा पाय कुठं जोडला?"

"तो मोजणी पुसायचा आहे. आपल्याला लागत नाही, म्हणून सोडला."

"लागत न्हाई म्हनून सोडला! अन् तो बसलाय गल्लीभराचं ऐकत. मोटरचं ऐकलं, माझ्या बोटाचं ऐकलं. दादा, ज्याला काम न्हाई त्यालाबी सांगून ठेवावं लागतं, तू शून्यावर राहा. मग तो गप बसतो."

"हे गेले तीन दिवस शेजाऱ्याला बोलतायत," संगीता म्हणाली.

"अन् खोडी घरातच हुती!"

मी ओशाळून म्हणालो, "मग मोकळे अकराही पाय बांधून टाका."

"थांबा! ह्यातले चार बाहेर बोलनारे. त्यांना शून्याला बांधलं तर चिप जळंल. ऐकनारे सात, तेवढेच बांधायचे."

"बाकीचे सहा तर त्रास देत नाहीत."

"द्यायची वाट बघायची व्हय?"

त्यांनी कथील वितळवून सात डाग दिले. मोटर चालू केली. मोजणी हलली नाही. डागाला पाच रुपये हा त्यांचा दर. मी पस्तीस रुपये पुढे केले, तर म्हणाल्या, "पिल्लं निघाल्यावर. बोर्ड घेऊन या."

दोनशे सव्वीस पिल्लं निघाली. बोर्ड आणि पाचशेची नोट घेऊन मी गेलो. भिंगातून सातही डाग बघून त्यांनी एक पुन्हा तापवला.

"हा माझा कच्चा राहिला हुता. सहाच डागांचे द्या."

"ताई, पिल्लं वाचली माझी. ठेवा पाचशे."

"पिल्लं कोंबडीची. मी डाग मोजते."

त्या श्रावणात ताई गेल्या. तो बोर्ड अजून चालतो. नवं सर्किट जोडलं की मी आधी मोकळे पाय मोजतो, मग ऐकणारे वेगळे काढतो.

कुंदाताईंना दिले: तीस रुपये.