एक खांदा आणि सतरा इलाज

पद्मजा रणपिसेचा उजवा हात वर जात नाही, हे आधी कळलं ते बसमध्ये. कोथरूडहून निघालेल्या बसमध्ये जागा नव्हती. सवयीने तिने वरची दांडी धरायला हात उचलला, तो कानापर्यंतही पोचला नाही आणि खांद्यातून अशी कळ गेली की तिच्या तोंडून "आई गं" निघालं. समोर बसलेल्या बाईंनी जागा द्यायच्या ऐवजी सल्ला दिला.

"फ्रोजन शोल्डर असणार तुमचं. माझ्या नणंदेला झालं होतं. राईचं तेल चोळा."

"बरं," पद्मजा म्हणाली आणि तिने डाव्या हाताने दांडी धरली.

तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती आणि टेलिफोन खात्यात बिलांच्या तक्रारी ऐकायच्या खिडकीवर बसत होती. जन्म येरवड्यातला. वडील छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि थोरलीला शिकवायचीच, हे ठरवूनच परतले. मॅट्रिक झाल्याबरोबर ती ट्रंक ऑपरेटर म्हणून चिकटली. कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डात उजव्या हाताने दोऱ्या खोचायच्या आणि नगर, सोलापूर, मुंबई जोडून द्यायची, यात तिची ऐन उमेद गेली. मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले, बोर्ड बंद पडला आणि तिला खिडकीवर आणून बसवलं. आता तर लोकांच्या खिशात मोबाइल आले होते. लोक बिलावर भांडायचे, ती ऐकून घ्यायची. दुसऱ्याचं ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं. पण खांदा आखडल्यावर लोकांनी तिला जे ऐकवलं, त्यापुढे खिडकीवरची भांडणं परवडली.

पहिला हक्क नवऱ्याचा. आनंद रणपिसे खडकीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात दुरुस्त करायला आता काही उरलं नव्हतं. त्यांनी ठामपणे सांगितलं, "ही शीर आहे. मांजरी गावाला आमच्या सोनबाकडे जाऊ. कारखान्यातल्या अर्ध्या लोकांच्या कंबरा त्याने बसवल्यात."

"अहो, पण माझी कंबर नाही, खांदा दुखतोय."

"तेच ते."

रविवारी स्कूटरवरून ती दोघं मांजरीला गेली. उसाच्या कडेला सोनबाचं घर, अंगणात एक बाकडं. सोनबा एकेकाळचा पैलवान, माणूस मोठा प्रेमळ. त्याने खांदा दाबून पाहिला.

"ताई, शीर चढल्याली हाय. वाईच दम धरा. आता बघा कशी जाग्यावर येती."

त्याने तेल चोळलं, तोवर बरं वाटत होतं. मग एका हाताने तिचा खांदा दाबून धरून दुसऱ्या हाताने त्याने दंड वर ओढला. पद्मजाची किंकाळी उसाच्या पलीकडे गेली असेल. आनंदरावांच्या हातातला चहा विजारीवर सांडला. परतताना स्कूटरवर तिने उजवा हात मांडीवर धरून ठेवला होता, एखादं आजारी मूल धरावं तसा. पुढचा आठवडाभर तिला पळीसुद्धा उचलवेना.

"आतून मोकळं होतंय, म्हणून दुखतंय," आनंदराव म्हणाले.

"तुम्ही एकदा मोकळे होऊन या, मग बोला," ती म्हणाली.

मग मुलाची पाळी. तेजस हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने टीव्हीवर पाहून एक पट्टा मागवला. पट्टा विजेवर घरघरायचा आणि आत लोहचुंबक होते म्हणे.

"आई, यात मॅग्नेट थेरपी आहे. आमच्या ऑफिसात सगळे वापरतात."

"सगळ्यांचे खांदे आखडलेत?"

"तसं नाही गं. प्रिव्हेन्शन."

पट्ट्याने खांदा सोडून बाकी सगळं घर हादरलं. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई मिक्सर बिघडलाय का विचारायला वर आल्या आणि जाताना लसणाचं तेल सुचवून गेल्या.

शेवटी ती हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पौड रस्त्यावरच्या एका क्लिनिकची चिठ्ठी दिली. तिथे पडदे लावलेल्या खोपट्यांतून बायामाणसं ओळीने आडवी पडलेली असत. एक मुलगी येऊन खांद्याला चार ओले तुकडे चिकटवी, करंट सुरू करी आणि पडदा ओढून निघून जाई. आत मुंग्या फिराव्यात तसं होई. मग गार जेल लावून यंत्राचा दांडू फिरवायचा, मग गरम शेक. हे सगळं सुखाचं होतं, यात वाद नाही. अर्धा तास कोणी सल्ला देत नसे, हे तर फारच सुखाचं. पण घरी पोचेपर्यंत खांदा पुन्हा पूर्वपदावर. हात वर कधी जाणार, असं तिने विचारलं, तेव्हा काउंटरवरून उत्तर आलं, "सेशन्स वाढवू या."

सेशन्स वाढली. हात होता तिथेच राहिला. मग हाडांच्या डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिलं आणि खरोखरच दुखणं ओसरलं. कित्येक महिन्यांनी ती उजव्या कुशीवर झोपली. घरात आनंदीआनंद झाला. पण सकाळी अंबाडा घालायला गेली, तर हात कानापाशीच अडकला. दुखत नव्हतं, एवढंच. वर तिच्या तोंडाला सारखी कोरड पडायला लागली. खिडकीवर ती तांबेच्या तांबे पाणी प्यायची आणि उन्हाळ्याला बोल लावायची.

एका धर्मादाय रुग्णालयात फिजिओथेरपीचा चांगला विभाग आहे, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं. ती वैतागूनच तिथे गेली. नम्रता नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिने यंत्राला हात लावला नाही. आधी हात किती वर जातो, बाहेर किती वळतो, पाठीमागे कुठवर पोचतो, हे मोजलं. मग प्रश्न. किती महिने झाले, काय काय केलं. पद्मजाने सोनबापासून पट्ट्यापर्यंत सगळं सांगितलं. बोलता बोलता ती पिशवीतली बाटली काढून दोनदा पाणी प्यायली.

"काकू, तहान फार लागते का? शुगर कधी तपासली होती?"

"मी खांद्यासाठी आलेय."

"म्हणूनच विचारतेय. मधुमेह असला की खांदा असा आखडायचं प्रमाण जास्त असतं. आणि ते इंजेक्शन घेतलं की शुगर काही दिवस आणखी चढू शकते."

तपासली. भरपूर होती, आणि आजकालची नव्हती.

रिपोर्ट हातात घेऊन ती रुग्णालयाच्या पायरीवर बसली, तेव्हा तिला रडू आलं नाही, संताप आला. लोकांनी तेल चोळलं, हात ओढला, करंट लावला, सुई टोचली. पण तुमच्या बाकीच्या शरीराचं काय चाललंय, असं कोणालाही विचारावंसं वाटलं नाही! आणि तिलाही स्वतःला विचारावंसं वाटलं नव्हतं, याचा राग वेगळाच.

गोळ्या सुरू झाल्या, साखर बंद झाली. पुढच्या खेपेला तिने नम्रताला सरळ विचारलं, "एकच सांग. या सगळ्यांत चांगला इलाज कुठला?"

"एकच असा नाही, काकू. शेकाने सैल वाटतं, तर व्यायामाच्या आधी शेक घ्या. मशीनने घटकाभर आराम पडतो. इंजेक्शनने दुखणं कमी होतं, त्या काळात हात हलवून घ्यायचा असतो. तो तुम्ही हलवला नाहीत, कारण तुम्हाला तसं कोणी सांगितलं नाही. चोळल्याने स्नायूंना बरं वाटतं, पण तुमचा सांधाच आखडलाय. त्याला हिसका दिला की तो आणखी चिडतो."

"मग बरा कशाने होईल?"

"रोज थोडा थोडा हलवून. आणि वेळ जाऊन. वर्षही लागेल, कदाचित जास्त."

"म्हणजे तुम्हालाही नक्की माहीत नाही."

"सगळं नाही माहीत," नम्रता हसून म्हणाली. "हे एवढं माहीत आहे."

पद्मजा चिडूनच घरी आली. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, काठी दोन्ही हातांत धरून बाजूला ढकलायची, टॉवेल पाठीमागून ओढायचा. एवढ्यासाठी रजा काढली? पण करायला लागली. दिवाणखान्याच्या नव्या रंगावर बोटांचे डाग वर वर चढत गेले. आनंदरावांना डाग दिसत, हात वर चढलेला दिसत नसे. शेवटी एका रविवारी दार वाजलं आणि दारात सोनबा उभा, काखेत तेलाची बाटली.

"म्हटलं, बोलावूनच घ्यावं," आनंदराव चाचरत म्हणाले. "तुझं ते भिंत चढणं काही..."

पद्मजाच्या हातातली काठी जमिनीवर आपटली. "हा हात माझा आहे की सोसायटीचा? येईल त्याने ओढायचा, येईल त्याने चोळायचा! बसमधली बाई सांगते, कुलकर्णीबाई सांगतात, तुम्ही सांगता, मुलगा सांगतो. माझ्या हाताबद्दल मला कोणी काही विचारणार आहे का?"

सोनबानेच बाटली खाली ठेवली.

"ताई म्हनत्यात ते बराबर हाय. त्यांचा हात हाय, त्यांस्नीच ठावं."

मग तो पोहे खाऊन, चहा पिऊन, आनंदरावांची कंबर तेवढी चोळून गेला.

तो गेल्यावर आनंदराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "तू डाव्या हाताने पोळ्या लाटतेस, ते मला बघवत नाही गं. मला काहीतरी करायला नको?"

तिचा राग तसाच होता, पण तिला ते खरं वाटलं. "करायचंय ना? मग उद्या माझ्याबरोबर चला आणि शिका."

नम्रताने त्यांना शिकवलं. पद्मजाला उताणं झोपवायचं, हाताला आधार द्यायचा, ती थांबा म्हणेल तिथे थांबायचं. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. कारखान्यातल्या पाळीला जावं तसे ते रोज सकाळी हजर होत आणि "अजून जरासं?" असं विचारत. ती "नाही" म्हणाली की तोंड पाडून थांबत. पण थांबत. पावसाळा गेला, हिवाळा गेला. एक दिवस तिने अंबाडा घातला, तोही कसाबसा, पण दोन्ही हातांनी, आणि आनंदरावांना मुद्दाम बोलावून दाखवला.

तेजस कंपनीतर्फे अमेरिकेला निघाला, तेव्हा घरी जेवण होतं. पद्मजाने फळीवरचं पातेलं उजव्या हाताने काढलं आणि पाहुण्यांनी कौतुक केलं.

"सोनबाने पहिल्यांदा शीर मोकळी केली ना, ते मूळ," आनंदराव वाढता वाढता म्हणाले.

"पप्पा, तो पट्टा आधी लावला होता म्हणून," तेजस म्हणाला.

"लसणाचं तेल लावलं असणार," कुलकर्णीबाई म्हणाल्या.

"आणि मी दीड वर्ष भिंतीवर काय करत होते? रंग देत होते?" पद्मजाने विचारलं. पण तेवढ्यात आनंदरावांच्या बहिणीने आपल्या गुडघ्याचा विषय काढला आणि सगळे तिकडे वळले.

हात पाठीमागे अजूनही पुरता जात नाही. थंडीत खांदा धरतो. हे फक्त नम्रताला माहीत आहे. बाकी कोणी विचारलं, की पद्मजा "एकदम बरी आहे" म्हणते. खरं सांगितलं, तर चार नवे इलाज संध्याकाळच्या आत घरी येतात.