संदर्भबाई आणि फावडेवाला

कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना मुलं पाठीमागे संदर्भबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं. एकदा त्यांनी वर्गात एवढंच विचारलं होतं, "हे नाव मला नक्की कोणी ठेवलं? लेखी कुठे आहे का?" मुलांनी माना खाली घातल्या. लेखी असतं तर बाईंना नावाबद्दल काही तक्रार नव्हती.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या मुलांना ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायला शिकवत. खोलीत जुने संगणक होते, एकच पंखा होता आणि तो चालू केला की कागद उडत, म्हणून उकाड्यातच शिकवणं चाले. बाईंचं सगळं शास्त्र दोन वाक्यांचं. "तुम्हाला काय माहीत आहे ते मला नको. कुठे छापून आलंय ते दाखवा."

सांगायला सोपं, पण मुलांचा जीव मेटाकुटीला यायचा. एकाने आपल्या वस्तीवर लेख लिहिला. त्यात होतं, 'येथील लोक अत्यंत प्रेमळ आहेत.'

"कोण म्हणतं?" बाईंनी विचारलं.

"मी म्हणतो."

"तू राहतोस कुठे?"

"तिथेच."

"मग खोड."

दुसऱ्याने आपल्या शाळेला जगप्रसिद्ध करून टाकलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "जग राहू दे. शेजारच्या गावातला एक माणूस आण, ज्याने हिचं नाव ऐकलंय." तो मुलगा पुढच्या शनिवारी आलाच नाही.

ही सवय बाई घरी येताना कॉलेजात ठेवून येत असत्या तर बरं झालं असतं. नवरा खिडकीतून बघून म्हणाला, "आज पाऊस येईलसं वाटतं," तर बाई लगेच, "कशावरून?" बिचाऱ्याने हळूहळू बोलणंच कमी केलं. काही सांगायचंच झालं तर आधी 'पेपरात आलंय' म्हणायचा आणि मग भाजी महागल्याचं सांगायचा. घरात बाईंना पुरून उरणारं माणूस एकच, त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना पुरावा म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. आपण सांगतोय, हाच पुरावा, असं त्यांचं मत होतं.

मुलांच्या एका गटाने लेखासाठी चौकातला पुतळा निवडला आणि इथून भानगड सुरू झाली. पाणीपुरवठा कचेरीसमोर खांद्यावर फावडं घेतलेला एक दगडी कामगार उभा होता. कोणा पुढाऱ्याचा नाही, साध्या कामगाराचा, म्हणून त्याला लोक फावडेवाला म्हणत. सासूबाईंच्या मते तो साधासुधा कामगार नव्हता, त्यांचे यजमान होते. ते याच कचेरीत फिटर होते. तरुणपणी शिल्पकाराने त्यांना बघितलं, कचेरी सुटली की समोर उभं केलं आणि त्यांच्यावरून पुतळा घडवला. "फावडं घेऊन उभं राहून राहून मान आखडायची त्यांची," सासूबाई सांगत. "रोज तेल लावून चोळून द्यायची मी. आता आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

शिल्पकार केव्हाच वारला होता. त्याने कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं. सासरेही गेले होते. उरली होती ती सासूबाईंच्या तळहातांची आठवण, आणि ती काही छापून आलेली नव्हती. डोळे मिटायच्या आत त्या पुतळ्याखाली नाही तर निदान त्या कोशात तरी नवऱ्याचं नाव बघायचं, एवढी एकच इच्छा त्यांची राहिली होती. आणि सूनच आडवी येत होती.

"आई, मी घरची आहे. मला ते लिहिता येत नाही, आणि मुलांना लिहा म्हणून सांगताही येत नाही," बाई समजावत.

"साऱ्या दुनियेची माणसं तुझ्या त्या कोशात येतात, आपलंच तेवढं येत नाही. तुला त्यांचं कधी काही वाटलंच नाही, खरं ते हे." असं म्हणून सासूबाई तोंड फिरवून बसायच्या. हे वाक्य बाईंना फार लागायचं. पण ते खोटं आहे हे दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता, आणि कागदाशिवाय बोलायची सवय गेलेली.

एका शनिवारी सासूबाई थेट वर्गात आल्या. एकट्या नाही, मुलाला हाताला धरून आल्या होत्या. मुलगा म्हणजे बाईंचा नवरा, निवृत्तीला टेकलेला. त्याला त्यांनी फळ्यासमोर उभं केलं.

"वळ रे. उजवीकडे वळ. मान वर. हां." मग मुलांना म्हणाल्या, "आता त्या पुतळ्याचा फोटो काढा आणि हे नाक बघा. बापाचं नाक आहे हे, जसंच्या तसं उचललेलं."

मुलं उठून जवळ आली. एकजण मोबाइल नवऱ्याच्या गालाशी धरून तुलना करू लागला. एकीने पट्टी काढली. नवरा भिंतीकडे बघत, श्वास रोखून उभा होता. बायकोच्या वर्गात आपलं नाक मोजलं जाईल असं त्याला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

"नाक हा संदर्भ होत नाही," बाई म्हणाल्या, पण त्यांचं ऐकतंय कोण! वर्गाचं एकमत झालं होतं. नाक तेच.

हे एकमत जेमतेम आठवडाभर टिकलं. गटातली एक मुलगी, जिला सगळे घाईताई म्हणत, कारण ती आधी लिहायची आणि मग वाचायची, कपाटातला नगरपालिकेचा जुना अहवाल घेऊन धावत आली. त्यात स्वच्छ छापलं होतं की चेंडू लागून पुतळ्याचं नाक तुटलं आणि ते गवंड्याकडून नवीन बसवून घेण्यात आलं. वर्गाला मिळालेला हा पहिला अस्सल छापील संदर्भ. बाईंना आनंदही झाला आणि हे घरी कसं सांगावं असा प्रश्नही पडला.

सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. "मग त्या गवंड्याने यांनाच बघून बसवलं असणार," त्या म्हणाल्या. "समोर कचेरीतच तर बसायचे हे."

घाईताईला मात्र आजींची फार दया आली. तिने लेखात एक वाक्य घातलं. 'डाव्या खांद्यावर फावडे घेतलेल्या या पुतळ्यासाठी पाणीपुरवठा कचेरीतील एक फिटर उभे राहिले होते,' आणि पुढे सासऱ्यांचं नाव. वाक्याच्या शेवटी तिने नियमाप्रमाणे 'संदर्भ हवा' अशी खूण टाकली. बाईंनी ते वाचलं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे खोडायला लावलं असतं. त्या दिवशी म्हणाल्या, "असू दे थोडे दिवस. कोणाला तरी सापडेल काहीतरी." आयुष्यात पहिल्यांदा त्या अशा पाघळल्या होत्या.

आणि खरंच सापडलं! एका रविवारी पेपराच्या पुरवणीत 'आपल्या चौकातला अज्ञात वीर' असा लेख आला, फोटोसकट, सासऱ्यांच्या नावासकट. सासूबाईंनी तो मोठ्याने वाचला, मग मुलाकडून वाचून घेतला, मग समोरच्या शेजारणीला बोलावून तिला वाचायला लावला. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली येऊन गेली. रात्री जेवताना त्या सुनेच्या पानात स्वतःच्या हाताने वाढत म्हणाल्या, "शेवटी तुझ्याच मुलांमुळे झालं हो." इतक्या वर्षांत त्या असं मऊ बोलल्याचं बाईंना आठवत नव्हतं. घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी शनिवार नसूनही सगळे मागच्या खोलीत जमले; घाईताईने 'संदर्भ हवा' काढून तिथे पेपराचा संदर्भ टाकला आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी कात्रण हातात घेतलं, चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डावा खांदा?" त्या म्हणाल्या. "फावडं डाव्या खांद्यावर आहे?"

त्या पिशवी उचलून तडक चौकात गेल्या. मागून सगळा वर्ग. फावडेवाला नेहमीसारखा उभा होता आणि फावडं होतं उजव्या खांद्यावर.

"तू कशावरून लिहिलंस?" त्यांनी घाईताईला विचारलं. तिने मोबाइल काढून पुतळ्यासोबत काढलेला स्वतःचा फोटो दाखवला. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला. त्यात डावं-उजवं आरशातल्यासारखं उलटं झालं होतं, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरंही. पाटी उलटी वाचूनसुद्धा पोरीला शंका आली नव्हती.

पुढचं उघडच होतं. तरी बाईंनी वार्ताहराला फोन लावला. तो अगदी मोकळेपणाने बोलला. "अहो बाई, तुमच्याच कोशातून घेतलं की! म्हटलं ज्ञानकोशात आहे म्हणजे तपासलेलंच असणार."

म्हणजे कोशाने पेपराचा हवाला दिला होता आणि पेपराने कोशाचा. मग घाईताई हळूच म्हणाली, "बाई, कोणाला कळणार नाही. आपण फक्त डाव्याचं उजवं करू. बाकी राहू दे ना. आजींना किती बरं वाटलंय."

बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. सासूबाईंनी वाढलेलं पान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. एक शब्द बदलला की घरात सुख होतं. मग त्या वर्गात परत आल्या, संगणकासमोर बसल्या आणि लेखाला जोडून जे चर्चेचं पान असतं, जिथे लिहिणारे आपापसात वाद घालतात, तिथे त्यांनी काहीतरी टाईप केलं. नंतर उठून घाईताईला म्हणाल्या, "वाच, आणि तुला योग्य वाटेल ते कर. मी हात लावणार नाही." घाईताईने वाचलं. डोळे पुसले. वाक्य काढून टाकलं.

संध्याकाळी घरी सासूबाई कात्रणाला कुठली चौकट शोभेल याचा विचार करत बसल्या होत्या. बाईंनी चप्पल काढली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. नवरा पाण्याचा पेला घेऊन आला होता, तो तसाच पेल्यासकट स्वयंपाकघरात परत गेला.

"म्हणजे खोडलंस," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही खोडलं. मी घरची, मला तो हक्क नाही. मी फक्त तिथे तसं लिहिलं, आणि काढायला सांगितलं."

"काय लिहिलंस? वाच. मलाही कळू दे, सून काय म्हणते सासऱ्याबद्दल."

बाईंनी मोबाइल काढला. वाचायची त्यांना लाज वाटत होती. घसा साफ करून त्या वाचू लागल्या.

"या वाक्यातले गृहस्थ माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते अंथरुणाला खिळेपर्यंत, मी कामाला निघण्याआधी रोज सकाळी त्यांनी माझ्या सायकलीत हवा भरून ठेवली. कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी बोलले नाही, याचं मला आज वाईट वाटतं. पुतळा त्यांचाच आहे असं मलाही वाटतं. पण त्यांच्यावर माझी माया आहे, म्हणून या बाबतीत माझं मत धरू नये. पुरावा नाही. वाक्य काढावं."

सासूबाईंनी कात्रण बाजूला ठेवलं.

"हवा भरायचे?" त्या म्हणाल्या. "सकाळी खाली जाऊन?"

"हो."

"मला व्यायामाला जातो म्हणून सांगायचे. आणि मी त्यांना त्याचं दूध द्यायची." त्या सुनेजवळ सरकल्या. "हे मला ठाऊकच नव्हतं गं. पुन्हा वाच. हळू वाच."

बाईंनी पुन्हा वाचलं. अर्ध्यावर त्यांनाच अक्षरं दिसेनाशी झाली आणि दोघी रडल्या. सासूबाई आधी सावरल्या. पदराने डोळे कोरडे केले, नाक पुसलं आणि सुनेकडे डोळे वटारून बघितलं.

"आणि ती सायकल तू विकलीस," त्या म्हणाल्या. "मला एका शब्दाने विचारलं नाहीस!"